नाद, अर्थ आणि एक सबवूफर

गेल्या चैत्रात आम्ही फैजपूरच्या आमच्या घरी होम थिएटरची यंत्रणा आणली. हे वाक्य लिहिताना थोडा संकोच वाटतो. महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाने ग्रंथखरेदीबद्दल लिहावे, ध्वनिवर्धकांच्या खरेदीबद्दल नव्हे, असा एक अलिखित संकेत आहे. शिवाय या खरेदीत आमच्या हातून ज्या चुका झाल्या त्यांतील काही यंत्राच्या बाबतीतल्या आहेत आणि एक माणसाच्या बाबतीतली. यंत्राच्या चुका दोन-तीन संध्याकाळींत दुरुस्त झाल्या. माणसाच्या बाबतीतली चूक मात्र आम्ही चार-पाच वर्षे करीत होतो आणि ती चूक आहे हे या यंत्रामुळे कळले. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम घराविषयी. आमचे घर गावाच्या जुन्या भागात, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यापासून फार दूर नाही. केळीने भरलेले ट्रक रात्री जातात तेव्हा खिडकीची तावदाने बारीक थरथरतात. खालच्या, घुमणाऱ्या आवाजाशी आमची ओळख तेथूनची. बैठकीची खोली १८ फूट लांब, १२ फूट रुंद, ११ फूट उंच. भिंती जाड, फरशी शहाबादी, एका बाजूला फडताळ आणि त्यात आईचे पितळी डबे. या खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, खुर्ची गेली चाळीस वर्षे एकाच जागी आहे. अण्णा ८१ वर्षांचे आहेत. माध्यमिक शाळेत त्यांनी तीस वर्षे मराठी शिकवले. आमच्या लेवा बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. केळीच्या मुलखातली मुले ‘केयी’ म्हणत शाळेत येतात. या बोलीची थट्टा अण्णांनी कधी केली नाही, घरी ते स्वतः तीच बोलतात. परंतु वर्गात पाठ वाचताना ‘ळ’ हा ‘ळ’च आणि ‘श’ हा ‘श’च असला पाहिजे, याविषयी ते कठोर असत. ‘सहर’ म्हणणाऱ्या मुलाला ‘शहर’ म्हणता येईपर्यंत ते खाली बसू देत नसत. आमचाही ‘श’ त्यांनीच घडवला.

चार-पाच वर्षांपूर्वी अण्णांची तक्रार सुरू झाली की टीव्हीवरचे लोक हल्ली पुटपुटतात. पडद्यावरचा आवाजाचा आकडा १५ वरून २५ वर गेला, २५ वरून ४० वर. तक्रारीत तथ्य होतेच. जुन्या खोक्यासारख्या टीव्हीला स्पीकरसाठी जागा होती. आजच्या चपट्या टीव्हीचे इवलेसे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. बोलणाऱ्याचा आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग आपल्याकडे येतो. तेव्हा वेगळे स्पीकर घ्यावेत, हा निर्णय चुकीचा नव्हता. पण खरे सांगायचे तर निर्णयावर नाव अण्णांचे होते आणि इच्छा आमची होती. चित्रपटगृहात पडद्यावर घोडदळ निघाले की खुर्चीच्या बुडाशी जो हादरा बसतो, तो आम्हांला घरी हवा होता. आई-वडिलांच्या सोयीसाठी म्हणून आपण घरात आणलेल्या वस्तूंची यादी प्रत्येकाने एकदा करून पाहावी. आमची यादी आम्हांला फारशी सुखावह वाटली नाही.

जळगावच्या एका दुकानात काचेच्या दारामागे अंधारी खोली होती. तेथे विक्रेत्याने आम्हांला एक स्फोट, एक मोटारींचा पाठलाग आणि पुन्हा एक स्फोट ऐकवला. छातीत धडधडले आणि आम्ही खूश झालो. त्या अर्ध्या तासात कोणी एकही संवाद ऐकवला नाही, आणि आम्हीही तो मागितला नाही.

खोक्यांवरचे आकडे वाचताना मात्र अलंकारशास्त्र उपयोगी पडले. १९९० च्या दशकात टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असे छापलेले असे. हा आकडा म्हणजे एखाद्या निमिषापुरती कशीबशी निघू शकेल अशी शक्ती. सतत मिळणारी शक्ती त्याचा लहानसा अंश. पीएमपीओ आता बहुतेक गेला, अतिशयोक्ती मात्र राहिली. रिसीव्हरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले वॅट पुष्कळदा एकच वाहिनी चालू ठेवून, १००० हर्ट्झच्या एकाच स्वरावर, १० टक्के विकृती मान्य करून मोजलेले असतात. बारीक अक्षरांत दुसरा आकडा असतो: दोन वाहिन्या, २० ते २०,००० हर्ट्झ, विकृती एक टक्क्याहून कितीतरी कमी. हा आकडा पुष्कळ लहान असतो आणि तोच वाचावा. पाचही वाहिन्या एकदम गरजू लागल्या तर त्याहूनही कमी हाती येते.

मुळात वॅट लागतात किती? वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात. साधारण स्पीकरला १ वॅट दिला तर १ मीटरवर ८७-८८ डेसिबल मिळतात, आणि समोरासमोरचे संभाषण ६० डेसिबलच्या आसपास असते. याचा अर्थ आमच्या खोलीत दोन माणसांचे बोलणे ऐकायला एक वॅटसुद्धा लागत नाही. उरलेले सगळे वॅट स्फोटांसाठी राखून ठेवलेले. हे गणित आम्ही दुकानातच, विक्रेत्याने दिलेल्या कागदावर केले आणि मोठा रिसीव्हर सोडून लहान घेतला. त्याचा आम्हांला अभिमान वाटला. सबवूफर मात्र १० इंची घेतला.

रिसीव्हर हे नाव रेडिओच्या घराण्यातले. प्रक्षेपण ग्रहण करणारे ते रिसीव्हर. पुढे त्यात चित्राच्या तारा आल्या, वाहिन्या वाढल्या, तरी नाव टिकले. टीव्हीकडून आलेला आवाज तो सोडवतो आणि वाटून देतो: समोर डावा-उजवा, मागे डावा-उजवा, आणि टीव्हीच्या खाली मधला, ज्याला सेंटर म्हणतात. हे झाले पाच. पाच दशांश एक यातला दशांश एक म्हणजे सबवूफर. त्याच्याकडे सुमारे १२० हर्ट्झच्या खालचाच प्रांत असतो, म्हणून त्याला पूर्ण वाहिनीचा मान नाही. चित्रपटातले बहुतेक सगळे संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. पाच भावंडांत सगळ्यात कामाचा तो, आणि दुकानात ज्याच्याविषयी आम्ही एकही प्रश्न विचारला नाही तोही तोच.

यंत्र बसवताना खानदेशने आपल्या अटी घातल्या. मे महिन्यात इकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. रिसीव्हर स्वतःही तापतो. त्याच्या डोक्यावर निदान अर्धा फूट मोकळी हवा लागते. फडताळात तो शोभून दिसला असता, पण तेथे भाजून निघाला असता. त्याला उघड्या मांडणीवर ठेवले. दुसरी अट विजेची. यंत्र सुरू करताच सबवूफरमधून एक अखंड गुणगुण येऊ लागली. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते. ती गुणगुण त्याच ५० हर्ट्झची असते. केबलची तार काढली की ती थांबे, लावली की पुन्हा सुरू. वायरमन आला, त्याने सगळी यंत्रे एकाच बोर्डावर, एकाच अर्थिंगवर घेतली आणि अंगणातल्या खड्ड्याची चौकशी केली. मीठ-कोळसा घालून केलेला तो खड्डा उन्हाने ठणठणीत कोरडा पडला होता. त्यात चार बादल्या पाणी ओतले. गुणगुण गेली. ‘अर्थिंग’ नसेल तर नुसती गुणगुण उरते, असा एक विनोद तेव्हा आम्हांला सुचला होता. पुढे तो आमच्यावरच उलटला.

पहिल्या संध्याकाळी आम्ही लढाईचा एक नवा चित्रपट लावला. सबवूफर कोपऱ्यात होता, कारण तेथे जागा होती. त्याची क्रॉसओव्हरची चकती १५० वर आणि आवाजाची चकती तीन-चतुर्थांशावर होती. नगारे वाजले आणि फडताळातले पितळी डबे त्यांच्या साथीला वाजू लागले. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन पाहून गेली. सेनापती बोलू लागला तेव्हा अण्णांनी कोपऱ्याकडे मान वळवून विचारले, की हा माणूस तिकडे कोपऱ्यात बसला आहे काय. आम्ही हसलो. थोड्या वेळाने विचारले, “अण्णा, कसं वाटतं तुम्हांला?” अण्णा म्हणाले, “मले आयकू येतं रे, पन समजत नही.”

आम्ही आवाज वाढवला. त्यांनी मध्येच काही विचारले, आम्ही पडद्यावरची नजर न काढता ओरडून “काही नाही अण्णा, नंतर सांगतो!” असे म्हणालो. ते उठले, वर्तमानपत्र घेतले आणि ओट्यावर जाऊन बसले. बाहेर अंधार पडला होता. वर्तमानपत्र वाचण्याइतका उजेड तेथे नव्हता.

त्या रात्री आईने आम्हांला जे सांगितले ते तिच्या शब्दांत येथे लिहीत नाही. आशय असा, की अण्णा ओट्यावर चार मंडळींत बसतात ते केवळ बसतात. लोक हसले की हसतात. कोणी काही विचारले तर ‘हो’ म्हणतात, कारण ‘नाही’पेक्षा ‘हो’ने बोलणे लवकर संपते. आणि आपण सगळे घरात त्यांच्याशी ओरडून बोलतो, म्हणून त्यांना वाटते की आपण त्यांच्यावर रागावलेले असतो.

पुढच्या आठवड्यात जळगावला कानांची तपासणी केली. ऑडिओग्राम नावाचा तो आलेख आमच्यासमोर आहे. डावीकडे खालचे स्वर, उजवीकडे वरचे. अण्णांची रेषा डावीकडे जवळजवळ सरळ आहे. २००० हर्ट्झनंतर ती उतरू लागते आणि ४०००, ८००० शी पोचेपर्यंत सातपुड्याच्या कड्यावरून खाली कोसळते. वाढत्या वयात बहुतेकांचे असेच होते: श्रवणशक्ती वरच्या टोकाकडून झिजत येते. आता भाषेकडे पाहा. स्वरांचे बळ खालच्या प्रांतात असते, व्यंजनांचा तपशील वरच्या. ‘आ’, ‘ओ’ यांचा बराचसा ऐवज १००० हर्ट्झच्या आसपास आणि खाली असतो; ‘स’, ‘श’, ‘फ’ यांचे घर्षण आणि ‘त’, ‘क’, ‘ट’ यांचे स्फोट २००० च्या वर, ‘स’ तर त्याहून बराच वर. म्हणून अशा कानाला आवाज येतो, कोणी तरी बोलते आहे हे कळते, बोलणारा चिडला आहे की प्रेमाने बोलतो आहे हेही कळते. कळत नाही ते हे, की तो ‘सात’ म्हणाला, ‘हात’ म्हणाला की ‘भात’. “ऐकू येतं, पण समजत नाही” ही तक्रार नव्हती, ते अचूक निदान होते. भाषेच्या शिक्षकाने केलेले निदान होते. आम्ही त्याला उत्तर म्हणून आवाज वाढवला.

आणि काय वाढवले? ध्वनिशास्त्रातली एक गोष्ट अशी की खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकतो. वरचा आवाज खालच्याला तितका झाकू शकत नाही. म्हणजे उरलीसुरली जी व्यंजने अण्णांपर्यंत पोचत होती, तिच्यावर आमच्या १० इंची सबवूफरने गोधडी टाकली होती. शिवाय खोलीत कूलर होता. पंख्याचा तो आवाज म्हणजे न संपणारा एक ‘श’च. ज्याने आयुष्यभर मुलांचे ‘श’ सुधारले त्याला आम्ही दिवसभर त्या ‘श’मध्ये बुडवून ठेवले होते आणि वर तक्रार करीत होतो की अण्णांचे लक्ष नसते.

येथे मर्ढेकरांची आठवण झाली, आणि ती होणे या गावात स्वाभाविक आहे. फैजपूर म्हटले की लोकांना १९३६ चे काँग्रेस अधिवेशन आठवते: खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची. साहित्याच्या विद्यार्थ्याला या गावाची आणखी एक तारीख ठाऊक असावी: १ डिसेंबर १९०९. त्या दिवशी बाळ सीताराम मर्ढेकर येथे जन्मले. मराठी कवितेत यंत्रयुग आणणारा हा कवी पोटासाठी रेडिओत होता. ऑल इंडिया रेडिओची नोकरी करीत असताना, १९४४ पासूनच्या तीन-चार वर्षांत त्यांनी ‘कर्ण’, ‘संगम’, ‘औक्षण’ यांसारख्या संगीतिका लिहिल्या. ज्या माध्यमात चेहरा नाही, ओठ नाहीत, हातवारे नाहीत, केवळ कानावर पडेल तेवढेच आहे, त्यासाठी त्यांनी लिहिले. आणि गंमत अशी की साहित्याचे माध्यम कोणते, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर नादाच्या बाजूचे नव्हते. शब्दांच्या भावगर्भ अर्थाला त्यांनी ते स्थान दिले. वर्गात हा मुद्दा आम्ही दरवर्षी शिकवतो. विद्यार्थी विचारतात, की मग कवितेतल्या नादाचे काय? आम्ही ठरावीक उत्तर देतो. नाद आहे पण अर्थ नाही, अशी अवस्था प्रत्यक्षात कशी असते, हे त्या उत्तरात कधी नव्हते. ती अवस्था आमच्या घरात मागच्या भिंतीला टेकून बसलेली होती.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारात लयीची तीन तत्त्वे येतात: संवाद, विरोध आणि समतोल. ती कलाकृतीच्या घटनेविषयी आहेत. बैठकीतल्या स्पीकरांना ती लावणे ही ओढाताण आहे, हे आम्ही जाणतो. परीक्षेत विद्यार्थ्याने असे लिहिले तर आम्ही गुण कापू. तरीही यंत्र नव्याने जुळवायला बसलो तेव्हा यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेपेक्षा या तीन शब्दांनी आम्हांला अधिक मदत केली.

पहिले काम खुर्चीचे. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. १८ फुटांच्या लांबीत ३१ हर्ट्झच्या आसपासची आणि १२ फुटांच्या रुंदीत ४७ च्या आसपासची लाट नेमकी बसते आणि दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते. अशा लाटेचा जोर भिंतींपाशी सर्वांत अधिक आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. अण्णांची खुर्ची भिंतीला टेकलेली, म्हणजे घुमण्याच्या ऐन तोंडी. ती पुढे घेणे आवश्यक होते. चाळीस वर्षांच्या खुर्चीला हात लावायचा तर परवानगी हवी. या वेळी आम्ही कूलर बंद केला, त्यांच्यासमोर बसलो आणि सावकाश, न ओरडता कारण सांगितले. अण्णांनी आलेख पाहिला, खोलीची लांबी स्वतः टेपने मोजली आणि खुर्ची पाच फूट पुढे घेतली. त्यामुळे त्यांच्यात आणि मधल्या स्पीकरमध्ये १४ फुटांऐवजी ९ फूट अंतर राहिले. या एका कृतीने जेवढा फरक पडला तेवढा पुढच्या कोणत्याही बटणाने पडला नाही, आणि तिला एक पैसाही लागला नाही.

दुसरे काम सबवूफरच्या जागेचे. यासाठी एक जुनी युक्ती आहे. सबवूफर ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायचा, खालच्या स्वरांचे संगीत लावायचे आणि आपण भिंतीकडेने गुडघ्यांवर रांगत ऐकत जायचे. जेथे आवाज घुमत नाही आणि विरतही नाही, ती सबवूफरची जागा. अण्णा पलंगावर बसून आम्हांला रांगताना पाहत होते. आम्ही याच खोलीत पूर्वी एकदा रांगलो होतो, त्याचे ते एकमेव हयात साक्षीदार आईसह दोघे. दोघेही हसले. जागा सापडली ती कोपऱ्यापासून बरीच दूर, खिडकीखाली.

मग क्रॉसओव्हर. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. आमची चकती १५० वर होती, म्हणून सेनापतीचा अर्धा कंठ मधल्या स्पीकरात आणि अर्धा कोपऱ्यात होता. अण्णांचा प्रश्न अगदी योग्य होता. तो माणूस खरोखरच कोपऱ्यात बसला होता. रिसीव्हरमध्ये सीमा ८० वर आणली आणि सबवूफरची स्वतःची चकती शेवटपर्यंत फिरवली, म्हणजे एकाच आवाजाला दोनदा कात्री लागत नाही. ८० च्या खालचा आवाज कोठून येतो हे कानाला सहसा सांगता येत नाही. आता सबवूफर खोलीत असून नसल्यासारखा झाला. मधला स्पीकर मांडणीच्या खालच्या कप्प्यात गुडघ्यांशी बोलत होता. त्याखाली लाकडी पाचर घालून त्याचे तोंड अण्णांच्या तोंडाकडे केले. शहाबादी फरशीवर सतरंजी आली, खिडकीला जाड पडदा. उघडी फरशी प्रत्येक व्यंजनाची एक प्रतिध्वनित नक्कल करीत होती, ती थांबली.

रिसीव्हरबरोबर एक छोटा मायक्रोफोन येतो. तो खुर्चीवर ठेवला की यंत्र स्वतः किणकिणून अंतरे मोजते आणि सगळ्या स्पीकरांना समान करते. ते समान केलेले ऐकून आमचे समाधान झाले, अण्णांचे नाही. कारण उघड होते: त्या मायक्रोफोनला वय नसते. यंत्राने केलेली समता तरुण कानाची होती. मधला स्पीकर आम्ही आणखी ३ डेसिबल वाढवला, मोठे आवाज दाबून लहान आवाज उचलणारी रात्रीची सोय चालू केली, आणि ओठांची हालचाल व आवाज यांत किंचित अंतर पडत होते ते काढून टाकले. जो माणूस अर्धे कानांनी आणि अर्धे डोळ्यांनी ऐकतो, त्याला ओठांमागून आलेला शब्द निरुपयोगी असतो, हे आम्हांला तेव्हा कळले.

शेवटी आम्ही पश्चात्तापाच्या भरात सबवूफर बंदच करून टाकला. अण्णांनी दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाले की आवाज पोकळ लागतो, माणूस डब्यातून बोलल्यासारखा. ते काही अंशी खरेही होते. लहान स्पीकरांवर खालच्या स्वरांचा सगळा भार पडला होता. सबवूफर पुन्हा चालू केला आणि चकती हळूहळू वर नेत गेलो. अण्णा हात वर करून बसले होते, वर्गात मुलांना थांबवताना करीत तसा. एका जागी त्यांनी हात खाली घेतला. चकती त्या जागी आजही आहे, आणि ती पहिल्या दिवसाच्या निम्म्याहूनही खाली आहे. तेव्हा सबवूफर वाईट असा निष्कर्ष कृपया काढू नये. खालच्या स्वराचा वरच्याला विरोध हवाच, एरव्ही बोलणे चपटे होते. किती हवा, हे मात्र ऐकणारा ठरवतो, विकत घेणारा नाही.

जुळवणी झाल्यावर काय लावायचे ते अण्णांनी ठरवले: ‘सामना’. संवाद तेंडुलकरांचे, समोरासमोर निळू फुले आणि श्रीराम लागू. ध्वनी एकाच वाहिनीचा. रिसीव्हरने तो जवळजवळ सगळा मधल्या स्पीकरकडे पाठवला. चार स्पीकर आणि सबवूफर त्या दिवशी बहुधा बसूनच होते. आम्ही कूलर बंद ठेवला आणि तिघे घामाने निथळत बसलो. एका भणंग मास्तराने बलाढ्य माणसाला पुन्हा पुन्हा विचारलेला मारुती कांबळेविषयीचा तो प्रश्न अण्णांना पाठ आहे. पण पाठ असलेले आठवणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. या वेळी ते प्रश्नाच्या आधीची वाक्ये ऐकत होते. मध्येच त्यांनी आईला एका संवादाचा खुलासा करून सांगितला. गेल्या कित्येक वर्षांत या घरात खुलासे आम्ही त्यांना करीत होतो, आणि तेही ओरडून.

अण्णांनी पुढे श्रवणयंत्रही घेतले. यंत्रणेने ते अनावश्यक ठरले असे नाही. उलट, खोलीत शब्द नीट येऊ शकतात हे अनुभवल्यावरच ते त्याला तयार झाले. ते लग्नाच्या मांडवात काढून ठेवतात, कारण डीजेचा दणका श्रवणयंत्रालाही सहन होत नाही. ओट्यावर लावतात. आम्हीही काही सवयी बदलल्या. दुसऱ्या खोलीतून हाक मारून बोलायचे नाही, पाठमोरे बोलायचे नाही, जेवताना टीव्ही चालू ठेवायचा नाही, आणि कळले नाही तर तेच वाक्य चढ्या आवाजात न म्हणता वेगळ्या शब्दांत म्हणायचे. शिक्षकाला ही शेवटची गोष्ट कोणी सांगावी लागू नये, पण आम्हांला सांगावी लागली.

परवा संध्याकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवताना आम्ही मुद्दाम एके ठिकाणी ‘सहर’ असे वाचले. अण्णा डोळे मिटून बसले होते असे आम्हांला वाटले. “शहर,” ते म्हणाले, आणि पुढे वाचण्यासाठी हात हलवला. त्यांनी ते ऐकून ओळखले, की डोळे किलकिले करून ओठ पाहिले, की मुलाच्या स्वभावाची माहिती असल्यामुळे अंदाजाने सांगितले, हे आम्ही विचारले नाही. चूक दुरुस्त करून पुढचे वाक्य वाचले.